पोस्टात न पडलेली पत्रं

बरेच दिवस हा विषय डोक्यात घोळत होता. या शनिवार-रविवारी सावेडीला घरी आलोय, कुणाचं लग्नही नाहीये, तेव्हा म्हटलं लिहूनच टाकू.

विषय असा. आपण दिवसभर मनातल्या मनात स्वतःशी बोलत असतो. त्यातलं कामाचं बोलणं कुठलं आणि वायफळ कुठलं, हे ओळखायचं कसं? "आत्मपरीक्षण करा" हे वाक्य शाळेपासून कानावर पडतं. पुढे नोकरीत तर अप्रेझलच्या फॉर्ममध्ये त्यासाठी वेगळा रकानाच असतो. पण आत्मपरीक्षण म्हणजे नक्की काय करायचं, हे कुणी सांगत नाही. रात्री दोन वाजता छताकडे बघत, मीटिंगमध्ये कुणीतरी टाकलेलं एकच वाक्य पन्नासाव्यांदा उगाळणाऱ्या माणसाला विचारा. तोही म्हणेल, "मी विचार करतोय." आणि सेल्फ-हेल्पची पुस्तकं वाचून माझं तरी कधी फारसं भलं झालेलं नाही. त्यापेक्षा इतिहास बरा. तिथे निदान खरी माणसं भेटतात आणि पुढे काय झालं तेही माहीत असतं.

याबाबतीत आम्ही नगरकर नशीबवान आहोत. (अधिकृत नाव २०२४ पासून अहिल्यानगर. मी आपला जुन्या सवयीने नगरच म्हणणार.) सावेडीतून गाडी काढली की वीस मिनिटांत माणूस भुईकोट किल्ल्याच्या खंदकापाशी पोचतो. आमच्या पिढीला हा किल्ला माहीत आहे तो मुख्यतः दोन गोष्टींमुळे. एक चांदबिबी, आणि दुसरी म्हणजे नेहरूंनी इथे 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' लिहिलं ही जनरल नॉलेजची ओळ. एक मार्काला असते. त्या ओळीच्या मागे काय होतं, ते बरंच नंतर कळलं.

*

८ ऑगस्ट १९४२ ला मुंबईत गवालिया टँकवर 'भारत छोडो'चा ठराव झाला. ९ तारखेला पहाटे धरपकड सुरू झाली आणि मोठे नेते एका स्पेशल गाडीत घातले गेले. गांधीजींना चिंचवडला उतरवून पुण्याला आगाखान पॅलेसमध्ये नेलं. काँग्रेस कार्यकारिणीचे सदस्य तसेच पुढे नगरला आले आणि थेट किल्ल्यात.

एकूण १२ जण. काँग्रेसचे त्या वेळचे अध्यक्ष मौलाना अबुल कलाम आझाद, जवाहरलाल नेहरू, वल्लभभाई पटेल, गोविंद वल्लभ पंत, असफ अली, आचार्य नरेंद्र देव, आचार्य कृपलानी, पट्टाभि सीतारामय्या, सय्यद महमूद, प्रफुल्लचंद्र घोष, हरेकृष्ण महताब आणि आपले शंकरराव देव. सुरुवातीला ना वर्तमानपत्र, ना घरचं पत्र. त्यांना कुठे ठेवलंय हेसुद्धा सरकारने बाहेर कळू दिलं नव्हतं. काही आठवड्यांनी वर्तमानपत्रं मिळायला लागली. सुटका कधी, याचं उत्तर मात्र कुणाकडेच नव्हतं. बहुतेक सगळे मार्च-एप्रिल १९४५ पर्यंत तिथेच होते, म्हणजे अडीच वर्षांहून जास्त.

आता जरा कल्पना करा. आयुष्यभर सभा, प्रवास, पत्रव्यवहार यांत बुडालेली ही माणसं. अचानक सगळं बंद. एक आवार, त्याभोवती खोल्यांची रांग, आणि रोज तीच अकरा तोंडं. अशा वेळी माणसाच्या डोक्यातला आवाज वाढतो. मग त्याचं काय करायचं, हे ज्याचं त्याने ठरवायचं.

बऱ्याच जणांनी कामं लावून घेतली. नरेंद्र देव वसुबंधूच्या 'अभिधर्मकोशा'चं भाषांतर करत बसले, महताबांनी ओडिशाचा इतिहास लिहायला घेतला. नेहरूंनी आधी बागकाम केलं. कोरड्या, खडकाळ आवारात त्यांनी वाफे खणले. खणता खणता जुन्या भिंती लागल्या, जमिनीत गाडल्या गेलेल्या घुमटांचे माथे लागले. एकदा दगडात कोरलेलं सुंदर कमळ सापडलं. जास्त खोल खणायला अर्थातच परवानगी नव्हती. मग १९४४ च्या एप्रिलमध्ये त्यांनी कुदळ ठेवून लेखणी घेतली. सप्टेंबरपर्यंत, पाच महिन्यांत, हाती लिहिलेली सुमारे हजार पानं झाली. हेच ते एक मार्काचं पुस्तक. १९४६ साली कलकत्त्याच्या सिग्नेट प्रेसने ते छापलं.

पण मला आज आधी बोलायचंय ते त्यांच्या शेजारच्या खोलीतल्या माणसाबद्दल.

*

मौलाना आझाद पहाटे तीन-चारच्या सुमाराला उठत. स्वतःच्या हाताने चहा करत, तोही बिनदुधाचा चिनी चहा. (त्या चहाचं त्यांनी जे वर्णन केलंय ते वाचून आपल्या उकळलेल्या चहाबद्दल उगाच अपराधी वाटतं.) आणि त्या शांततेत पत्रं लिहीत. पत्रं एकाच माणसाला, अलीगढकडचे विद्वान जमीनदार हबीबुर रहमान खान शेरवानी यांना. नगरला पोचल्यावर दुसऱ्याच दिवशी, १० ऑगस्ट १९४२ ला, त्यांनी लिहायला सुरुवात केली.

ही पत्रं जाणार नाहीत हे त्यांना पक्कं माहीत होतं. पत्रव्यवहार बंदच होता. तरी प्रत्येक पत्रावर तारीख आहे, सुरुवातीला मित्राला अदबीने घातलेली साद आहे, आणि मजकूर असा आहे की जणू तो मित्र समोर बसून चहाच पितोय. सुटल्यावर १९४६ मध्ये त्यांचं पुस्तक झालं, 'गुबार-ए-खातिर'. मनात साठलेली धूळ, असा साधारण अर्थ. उर्दू गद्यातलं ते एक मानाचं पुस्तक मानलं जातं.

आमच्या धंद्यातल्या मंडळींना हा प्रकार ओळखीचा वाटेल. 'द प्रॅग्मॅटिक प्रोग्रॅमर' या १९९९ च्या पुस्तकामुळे रबरी बदकाची युक्ती प्रसिद्ध झाली. बग सापडत नसेल तर टेबलावर रबराचं बदक ठेवायचं आणि त्याला एकेक ओळ समजावून सांगायची. बदक काही बोलत नाही. पण सांगता सांगता आपल्यालाच चूक दिसते. का दिसते? कारण डोक्यात असताना विचार अर्धेमुर्धे चालतात. "ते आपलं हे... ते झालं, मग तिकडे..." एवढ्यावर आपण पुढे जातो. वायगोत्स्की नावाच्या रशियन मानसशास्त्रज्ञाने १९३४ च्या पुस्तकात हेच मांडलंय की माणसाची आतली भाषा आखूड असते, कर्ता-बिर्ता गाळलेली, कारण ऐकणाऱ्याला सगळं आधीच माहीत असतं. समोर दुसरा कुणी आहे असं धरलं की वाक्य पुरं करावं लागतं. आणि वाक्य पुरं केलं की त्यातलं भोक दिसतं.

शेरवानींची निवडही बघण्यासारखी आहे. ते वयाने मोठे, विद्वान, जुने स्नेही, आणि काँग्रेसच्या राजकारणापासून लांब. त्यांच्यापुढे पुढारी म्हणून बोलायची गरज नाही, आणि त्यांच्यापुढे फालतू बोलूनही चालणार नाही. पत्रांत राजकारण जवळपास नाहीच. देव आहे का, लहानपणचा धर्म मनातून कसा निसटला आणि कसा परत आला, संगीत, चहा, बाग असं सगळं आहे. किल्ल्याच्या अधिकाऱ्याला त्यांनी ठेवलेलं टोपणनावसुद्धा आहे, 'चीता खान'. चांदबिबीच्या काळच्या एका हबशी किल्लेदाराचं ते नाव!

आणि चिमण्या आहेत. मार्च १९४३ च्या मध्याला लिहिलेलं पत्र म्हणजे खोलीत घरटी करणाऱ्या चिमण्यांशी झालेल्या युद्धाची कहाणी आहे. आधी काठी घेऊन हल्ले, मग माघार, मग तह, मग तांदळाचे दाणे टाकून मैत्री. शेवटी चिमण्यांना नावं, एक कलंदर, एक मोती. राष्ट्रीय काँग्रेसचा अध्यक्ष तुरुंगात बसून पानामागून पान हे लिहितोय. वाचताना हसू येतं.

पण तारीख लक्षात ठेवा. मार्चचा मध्य.

*

२३ मार्चला बातमी आली की कलकत्त्याला त्यांची पत्नी झुलेखा बेगम गंभीर आजारी आहे. तुरुंगाच्या सुपरिंटेंडंटने सुचवलं की सरकारला काही कळवायचं असेल तर ते ताबडतोब पोचवतो. मौलानांनी सांगितलं, सरकारकडे मला काही मागायचं नाही. मग जवाहरलालांशी त्यांचं बोलणं झालं, त्यांनाही तेच सांगितलं. ९ एप्रिलला तार आली, झुलेखा बेगम गेल्या. ११ एप्रिलला त्यांनी शेरवानींना पत्र लिहिलं.

हे पत्र मला या सगळ्या प्रकरणाचा गाभा वाटतं. मधले अडीच आठवडे मौलाना बाहेरून जसेच्या तसे होते. वेळेवर उठणं, वेळेवर जेवणाच्या टेबलावर येणं, गप्पा. दुपारी वर्तमानपत्र यायचं. त्यात बायकोच्या प्रकृतीची बातमी असण्याची शक्यता. पावलं वाजली की छातीत धडधडायचं. पण मौलाना लिहीतच राहायचे, मान वर करायची नाही. वर्तमानपत्र ठेवून माणूस गेला तरी घाई करायची नाही. मग जरा वेळाने, फारशी उत्सुकता नसल्यासारखं, ते उचलायचं.

इथपर्यंत लिहून कुणीही थांबलं असतं. आपण म्हटलं असतं, वा, काय धीराचा माणूस! पण मौलाना पुढे लिहितात (शब्द माझे, आशय त्यांचा) की मला कबूल केलं पाहिजे, हा सगळा देखावा होता. माझ्यातला अहंकार एक भूमिका वठवत होता. आपल्या संयमावर डाग पडू नये म्हणून ते नाटक चाललं होतं.

आणि ते तिथेही थांबत नाहीत. १९१६ साली त्यांना पहिल्यांदा पकडलं, तेव्हा झुलेखा बेगमना स्वतःला आवरता आलं नव्हतं. त्यावरून मौलाना बराच काळ त्यांच्यावर नाराज होते. नंतर बाईंनी स्वतःला बदललं. १९४२ च्या ऑगस्टमध्ये ते मुंबईला निघाले तेव्हा त्या दारापर्यंत आल्या आणि निरोपाच्या शब्दापलीकडे काही बोलल्या नाहीत. डोळ्यांत पाणी नव्हतं, पण चेहरा रडत होता, हे मौलानांना आठवतंय. आता, आठ महिन्यांनी. बघा, एका माणसाने आपल्या संयमाचा अभिमान बाळगला, बायकोनेही तसंच व्हावं अशी अपेक्षा केली, ती तशी झालीही, आणि त्यामुळे शेवटच्या भेटीत दोघांनाही काही बोलता आलं नाही. हे मौलानांनी असं एका वाक्यात मांडलेलं नाही. पण ज्या क्रमाने त्यांनी गोष्टी सांगितल्यात, तो क्रम हेच सांगतो.

पत्राच्या शेवटाकडे किल्ल्याच्या आवारातल्या एका जुन्या कबरीचा उल्लेख येतो. कुणाची ते माहीत नाही. शेकडो वेळा बघितलेली. पण आता तिच्याबद्दल एक नवीनच आपुलकी वाटायला लागली आहे, असं ते लिहितात. बस. तात्पर्य नाही, स्वतःला माफी नाही, शिव्याही नाहीत.

*

आता परत शेजारच्या खोलीत.

'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' हे भारताच्या इतिहासाचं पुस्तक आहे, बरोबर. पहिल्या प्रकरणाचं नावच 'अहमदनगर फोर्ट'. पण दुसरं प्रकरण उघडलं की आपण एकदम जर्मनी-स्वित्झर्लंडमध्ये असतो, आणि ते प्रकरण कमला नेहरूंबद्दल आहे. सिंधू संस्कृतीच्या आधी कमला. हजारो वर्षांचा इतिहास लिहायला बसलेल्या माणसाला सुरुवात मात्र ८ वर्षांपूर्वी गेलेल्या बायकोपासून करावीशी वाटली.

नेहरूंपुढेही तोच प्रश्न एकदा येऊन गेला होता. १९३४ मध्ये ते तुरुंगात असताना कमला नेहरू खूप आजारी होत्या. उरलेल्या शिक्षेच्या काळात राजकारण करणार नाही अशी हमी दिलीत तर सोडू, असं सुचवण्यात आलं. त्यांना भेटायला नेलं तेव्हा तापात असलेल्या कमलांनीच त्यांना जवळ बोलावून कानात सांगितलं की असली काही हमी देऊ नका. पुढे सप्टेंबर १९३५ मध्ये प्रकृती फारच बिघडल्यावर त्यांना सोडलं गेलं. ते युरोपला गेले. २८ फेब्रुवारी १९३६ ला लोझानमध्ये कमला वारल्या. नगरला हे सगळं आठवताना नेहरू कबूल करतात की लग्नानंतरची कितीतरी वर्षं मी माझ्या कामात इतका बुडालो होतो की तिच्याकडे माझं लक्षच नव्हतं.

म्हणजे नगरच्या किल्ल्यात एका भिंतीच्या दोन बाजूंना दोन माणसं, साधारण वर्षाच्या अंतराने, त्याच जागी बोट ठेवून लिहीत होती. आम्ही देशासाठी जे केलं त्याची किंमत घरात कुणी दिली? दोघांच्याही ठरलेल्या वाटेत त्यामुळे बदल झाला नाही. पण दोघांनीही तो हिशेब झाकला नाही.

फरक आहे तो ऐकणाऱ्याचा. आझादांचा श्रोता एक मित्र. नेहरूंनी आत्मचरित्राच्या (१९३६) प्रस्तावनेतच सांगितलंय की तुरुंगातल्या लांबलचक एकटेपणात हाताला काम हवं आणि घडलेल्या गोष्टींबद्दल स्वतःला नीट विचार करता यावा म्हणून लिहितोय, आणि वाचक डोळ्यांपुढे आलेच तर ते माझे देशबांधव. म्हणून आझादांचं बोलणं खोल जातं आणि नेहरूंचं पसरत जातं. नेहरू स्वतःबद्दल सुरू करतात आणि बघता बघता देशावर येतात. कधी कधी वाटतं, पटकनच येतात. :)

पण नेहरूंनी एकदा याहून भारी प्रयोग केला होता. नोव्हेंबर १९३७ च्या 'मॉडर्न रिव्ह्यू'मध्ये 'चाणक्य' या टोपणनावाने एक लेख आला. विषय, काँग्रेसचे अध्यक्ष जवाहरलाल नेहरू. लेखकाने गर्दीतल्या जवाहरलालचं बारकाईने निरीक्षण केलं होतं. हे हसू, हे हात जोडणं खरं किती आणि सवयीचं किती? या माणसाला लोकांनी डोक्यावर घेतलंय, त्याला विरोध सहन होत नाही, याचा हुकूमशहा व्हायला वेळ लागणार नाही, तेव्हा याला पुन्हा अध्यक्ष करू नका. लेख गाजला. आणि लिहिणारे खुद्द नेहरू होते.

*

स्वतःबद्दल 'तो' म्हणून बोलायचं. हे विचित्र वाटतं का? मराठी माणसाला वाटू नये. साडेतीनशेहून जास्त वर्षं आपण 'तुका म्हणे' ऐकतोय. देहूचा तो माणूस आपल्या मनातली सगळी भांडणं, भीती, संशय, स्वतःची लाज, उघड मांडतो आणि शेवटी सही करताना 'मी म्हणतो' असं न म्हणता 'तुका म्हणतो' म्हणतो. अभंगात नाव गुंफायची ती रीतच होती, मान्य. नामा, चोखा, जनी सगळेच करतात. पण त्या रीतीचा परिणाम बघा. दोन पावलं मागे सरून बोलणाऱ्याकडे बघायची जागा आपोआप तयार होते. तिकडे रामदासांचे 'मनाचे श्लोक' २०५ आहेत आणि ते मनाला समोर बसवून त्याच्याशी बोलतात. गंमत म्हणजे मनाला आधी चांगला माणूस धरून बोलतात, मग कान उपटतात. आजोबांच्या काळी लहान मुलांकडून ते पाठ करून घ्यायचे. म्हणजे स्वतःच्या मनाशी कसं बोलावं, याचा आपल्याकडे पाठांतराचा कोर्सच होता म्हणायचा!

आता हे प्रयोगशाळेतही पोचलंय. मिशिगन विद्यापीठातल्या ईथन क्रॉस आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये सात अभ्यासांचा एक पेपर छापला. लोकांना भाषणासारखं टेन्शनचं काम दिलं आणि आधी त्याबद्दल स्वतःशी विचार करायला सांगितलं. काहींना 'मी' वापरून, काहींना स्वतःचं नाव किंवा 'तू' वापरून. दुसऱ्या गटातल्या लोकांनी काम बरं केलं आणि नंतर ते उगाळत कमी बसले. एका शब्दाचा फरक!

आणि उलट बाजूही मोजलेली आहे. सुझन नोलेन-होक्सिमा या मानसशास्त्रज्ञ बाईंनी स्टॅनफर्डच्या विद्यार्थ्यांकडून फॉर्म भरून घेतले होते की मन उदास असलं की तुम्ही काय करता. त्यानंतर लगेचच, १७ ऑक्टोबर १९८९ ला, सॅन फ्रान्सिस्को भागात मोठा भूकंप झाला. त्यांनी त्याच विद्यार्थ्यांना परत गाठलं. उदासी आली की तिच्याभोवतीच घिरट्या घालत बसायची सवय ज्यांना आधीपासून होती, त्यांच्यात भूकंपानंतरचं नैराश्य जास्त दिसलं. म्हणजे जास्त विचार केला की जास्त कळतं, असं काही नाही.

*

मग ओळखायचं कसं? नगरच्या किल्ल्यावरून मला जे उमगलं ते सांगतो.

आपण स्वतःशी किती बोलतो याला महत्त्व नाही. डोक्यातल्या त्या खोलीत ऐकायला कोण बसवलंय, ते बघायचं. रात्री दोन वाजता छताकडे बघणाऱ्याच्या खोलीत श्रोताच नसतो. एक आरोपी असतो आणि एक न्यायाधीश, दोघेही तोच, आणि निकाल आधीच लागलेला. साक्षी-पुरावा काही नाही, म्हणून तीच केस रोज रात्री पहिल्यापासून सुरू होते. आमच्या भाषेत हा इन्फिनिट लूप. सीपीयू तापतो, आउटपुट शून्य.

चांगल्या बोलण्यात वाक्यं पुरी होतात. सुरू केलं तेव्हा माहीत नसलेलं काहीतरी शेवटी हाती लागतं, मग ते अप्रिय का असेना. आझाद आपल्या धीराची हकिगत सांगायला बसले आणि सांगता सांगता तो धीर नाटक होता इथपर्यंत पोचले. आणि तिसरं म्हणजे बाहेरचं जग त्यात राहतं. चिमण्या राहतात, दारात उभ्या असलेल्या बायकोचा चेहरा राहतो. नुसतं मन खात बसलेल्या माणसाच्या डोक्यात स्वतःशिवाय दुसरं कुणी नसतं, हे जरा तपासून बघा.

यावर एक चांगला आक्षेप आहे. 'गुबार-ए-खातिर'ला कितीतरी अभ्यासकांनी पत्रं मानलंच नाही. म्हणतात, हे सजवलेले निबंध आहेत, फारसी-उर्दू शेर पेरलेले, आणि लिहिताना छपाई डोळ्यांसमोर होतीच. तसं असेल तर ही खरी मनातली गोष्ट कशी? मला वाटतं आक्षेप बरोबर आहे, पण त्यातून निघतं ते उलटंच. श्रोता आला की थोडं नाटक येणारच. मित्रासमोरही आपण जरा ताठ बसतो. प्रश्न एवढाच की बोलणाऱ्याला स्वतःचं नाटक दिसतंय का. चाणक्याला जवाहरलालचं हसू दिसलं, आझादांना ते उशिरा उचललेलं वर्तमानपत्र दिसलं.

दुसरा आक्षेप मोठा आहे. या मंडळींना पुस्तकं होती, कागद होते, शेजारी पंडित होते. त्याच काळात गावोगावचे साधे सत्याग्रही लाठ्या खात होते, आणि १९४३ मध्ये बंगालमध्ये दुष्काळाने लाखो माणसं मेली. त्यांच्या मनात काय चाललं होतं ते कुणी लिहून ठेवलं नाही. नेहरूंना ते टोचत होतं. 'डिस्कव्हरी'च्या पहिल्याच प्रकरणात त्यांनी त्या दुष्काळाबद्दल लिहिलंय. स्वतःशी नीट बोलायला निवांतपणा लागतो आणि तो सगळ्यांना मिळत नाही, हे खरंच आहे. पण आपल्यासारख्यांना, ज्यांच्याकडे शनिवार-रविवार आहेत, ही सबब चालायची नाही.

मौलाना १५ जून १९४५ ला बंगालमधल्या बांकुडा इथून सुटले. कलकत्त्याला स्टेशनवर गर्दी लोटली होती, गाडी हारांनी भरली होती. 'इंडिया विन्स फ्रीडम'मध्ये त्यांनी सांगितलंय की त्यांनी गाडी आधी बायकोच्या कबरीकडे घ्यायला लावली. लोकांनी घातलेल्या हारांतला एक त्यांनी कबरीवर ठेवला आणि मनातल्या मनात फातेहा म्हटला. नंतर वर्षभरात ती पत्रं छापून झाली आणि शेरवानींना आपला पत्रव्यवहार पुस्तकाच्या रूपात वाचायला मिळाला.

किल्ल्यात नेत्यांच्या खोल्या जपून ठेवल्या आहेत. नगरला येणार असाल आणि आत जायला मिळालं, तर नेहरूंची खोली सगळे दाखवतीलच. मौलानांची पण विचारा.